गिऱ्हाइकांची पांघरुणं

४ नोव्हेंबर

माझ्या एकदाच पाहिलेल्या नाती, भरपूर जग.

तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा माझ्या कपाळावर होता आणि मी तो घरभर शोधत होते. शेजारची शिंपीण दारातून म्हणाली, "आजी, कपाळाला काही दिसतंय का?" तेव्हा सापडला. मग पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येतं, माझ्यापेक्षा बरं येतं, तरी मीच वाचलं. नात माझी, पत्र माझं, वाचणार मी.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा तुला पाहिलं, तुझे आजोबा गेले त्या दिवशी. आईच्या कडेवर होतीस आणि माझं नाक धरायला बघत होतीस. तुझी आई तासभर दारातच उभी राहिली, आत काही आली नाही, मग गेली. आणि आता तूच एका मुलीची आई! मला पणती झाली आणि सव्वा वर्ष मला पत्ताच नाही! रागावले नाही गं. उलट आनंदानं पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि शहात्तराव्या वर्षी पाय ठरले नाहीत तर माणूस तोंडावर पडतं, म्हणून बसून लिहिते आहे.

माझा पत्ता आईच्या पेटीतल्या कार्डावर मिळाला म्हणतेस. ते कार्ड माझंच. ती वर्षाला एक कार्ड टाकते, 'मी बरी आहे.' मी उलट टाकते, 'मीही बरी आहे.' अशा आम्ही दोघी किती वर्षं बऱ्या आहोत! भांडण म्हणशील तर आमच्यात कधी झालंच नाही. असतो एकेकाचा स्वभाव.

आता तुझ्या खोलीचं. "एक खोली रात्रभर स्वस्तात उबदार कशी ठेवायची, तुला माहीत असेल," असं लिहिलंस. अगं, मला दुसरं माहीत तरी काय आहे? शाळा दोन वर्षं. अक्षर गिरवलं ते कपड्यांच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या खुणा घालून घालून. आम्ही धुलाईवाले. आजोबा धुवायचे, मी इस्त्री करायची. पुढे दुकान, मागे एक खोली, वर पत्रा. त्या खोलीत मी एकवीस हिवाळे काढले.

पहिली गोष्ट, थंडी वरून येत नाही, खालून येते. लोक वर तीन रजया घेतात आणि खाली एक चटई, आणि मग म्हणतात ऊब येत नाही. गादीखाली जुनी वर्तमानपत्रं घाल, चांगली बोटभर जाड. पहिले दोन दिवस कुरकुरतात, मग दबून गप्प होतात, नवऱ्यासारखी. गादी बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, जिन्याच्या बाजूच्या भिंतीला लाव. बाहेरची भिंत रात्रभर माणसाच्या अंगातली ऊब पीत बसते.

खिडकी उत्तरेची आहे म्हणतेस. फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटव. डिंक विकत आणू नकोस, पिठाची खळ कर. आम्ही कॉलरला करायचो तशी, बोटावरून ओघळली पाहिजे पण टपकता कामा नये. मात्र वरच्या कोपऱ्यातली एक फट मोकळी ठेव, खोलीलाही श्वास लागतो. पडदे ऊन उतरायच्या आधी ओढ, अंधार पडल्यावर नव्हे. आणि जुन्या पॅन्टचा पाय काप, वाळू भर, दोन्ही तोंडं शिव, आणि तो दाराच्या फटीशी आडवा टाक. शिंपीण म्हणते, "एक पाय आडवा टाकला की चोरही अडखळतो."

हीटर लावल्यावर फ्यूज उडाला आणि घरमालकीण टॉर्च घेऊन जिना चढत आली, ते वाचून मी हसले, पण तुला रडू आलं असेल. नसला हीटर तर नसू दे. फक्त कोळशाची शेगडी आत घेऊन, दार लावून झोपायचं नाही. कोणी कितीही सांगो. तशी झोपलेली माणसं उठत नाहीत.

फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं जुळवते. पत्रच लिही. पणतीचा फोटो पाठव. आईला सांगितलंस का मला लिहिलंस ते? नसेल सांगितलं तर राहू दे.

तुझी आजी


१९ नोव्हेंबर

माझ्या गुणी नाती,

फोटो मिळाला. हिचे गाल कुणाचे, सांगू? माझे. आता लोंबतात, पण तेच आहेत. मी हिचं नाव ठकी ठेवलं, तुम्ही काय ठेवलंय ते ठेवलंय. फोटो आरशाच्या चौकटीत खोचला आहे, म्हणजे स्वतःचं तोंड बघायला गेलं की ती आधी दिसते. माझा फायदाच आहे.

वर्तमानपत्रांनी फरक पडला ना? मी म्हटलं होतं. आता दूध कारखान्यात तुझी संध्याकाळची पाळी सुरू झाली, नातजावई सहा महिने बोटीवर, तेव्हा ठकीला सांभाळायला आई येऊन राहणार, हे फार चांगलं झालं. एक अंग वाढलं की खोली आपोआप तापते. माणसासारखी शेगडी नाही, आणि तिला राख होत नाही.

निजायच्या अर्धा तास आधी बाटल्यांत गरम पाणी भर, बूच घट्ट लाव, जुन्या मोज्यात घाल आणि अंथरुणात ठेव. पोरीला आत घालायच्या आधी बाटल्या काढ, भाजेल. ओले कपडे रात्री खोलीत वाळत घालू नकोस, ते वाळतात ते खोलीची ऊब खाऊन. पलंगावर चारी बाजूंनी चादर सोडलीस, तंबूसारखी, तर मोठी खोली तापवावी लागत नाही, पलंगाएवढीच तापते. आणि रात्रीचा स्वयंपाक शक्य तेवढा उशिरा कर, चुलीची ऊब निजायला उपयोगी पडते. ह्यातलं काहीही मी शिकलेली नाही, सगळं अंगावर काढलेलं आहे.

पण आमची खरी युक्ती वेगळीच होती. हसशील. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे असायचे ना? शाली, कोट, जाड ब्लँकेटं, हिवाळ्यात तर ढीग. ते काय रात्रभर फळीवर थंडीत कुडकुडत ठेवायचे? रात्री आम्ही ते अंगावर घ्यायचो आणि सकाळी इस्त्री करून पोचते करायचो. कपडे गिऱ्हाइकांचे, रात्र आमची! मी डॉक्टरीणबाईंच्या शालीत निजले आहे. आजोबा बँकेच्या मॅनेजरच्या ड्रेसिंग गाऊनमध्ये, आणि झोपेत त्याच्यासारखं घोरायचे. एका वकिलाचा काळा ओव्हरकोट होता, त्यात माझी दोन्ही पोरं मावायची, एकेकानं एकेक बाही घेतलेली. सकाळी वकील यायचा, कोट घालायचा आणि म्हणायचा, "तुमची इस्त्री फार उबदार असते हो." आम्ही खाली माना घालून हसायचो.

बहुतेक धुतलेलेच घ्यायचो. कधी न धुतलेलेही, दुसऱ्या दिवशी धुवायचेच असायचे. त्यात पाप वाटलं नाही कधी.

आई पोचली की लिही. काय म्हणते, कशी दिसते, केस पिकले का. मी विचारते असं तिला सांगू नकोस.

तुझी आजी


३ डिसेंबर

नाती,

"कुठली दोन पोरं, आजी? आई तर एकटीच ना?" असं विचारलंस. लिहिताना हात घसरला माझा. तुला तिनं सांगितलं नाही हे मला ठाऊक नव्हतं.

तुझ्या आईला एक भाऊ होता. तिच्याहून चार वर्षांनी लहान. दिवसभर गुणगुणायचा म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणायचे. पाचव्या वर्षी घशाच्या रोगानं गेला. गल्लीत साथ होती, चार घरी होता तो रोग. झाली त्याला त्रेचाळीस वर्षं. तुझ्या आईला आम्ही तो जन्मल्यापासून मोठी म्हणत आलो ते तसंच राहिलं, धाकटा उरला नाही तरी. साथ होती, बाकी काही नाही. आईशी तो विषय काढू नकोस.

तू तिच्याबद्दल लिहिलंस ते मी तीन दिवस वाचते आहे. ती ठकीवर पांघरूण घालत नाही. तू घातलेलं तू कामावर गेलीस की काढते. आणि रात्री अकराला तू येतेस तेव्हा ती खुर्चीत बसलेली असते, पोर छातीशी धरून, दोघी गार. विचारलं तर म्हणते, "माझ्या अंगाची ऊब पुरते तिला." तुझ्या लहानपणीही तुला बाबाच पांघरूण घालायचे, आईनं एकदाही घातलं नाही, हे तू आज आठवून लिहिलंस. मला हे माहीत नव्हतं गं. मला वाटायचं ती फक्त माझ्यापासून लांब आहे.

घाबरू नकोस. ह्यावर उपाय आहे. पोरीला पांघरूण लागताच कामा नये अशी वस्तू करायची. मी आणि शिंपिणीनं कालपासून हातात घेतलं आहे. माझी लोकरी शाल फाडली, नाहीतरी मी ती कुठं मिरवणार? आतून मऊ फ्लॅनेल, वर लोकर, दोन बाह्या, खाली पिशवीसारखी बंद आणि पुढे बटणं. पोर आत घालायची आणि बटणं लावायची, झालं. पांघरूण नाही, अंगरखाही नाही. शिंपिणीला मशीन मारू दिलं नाही, सगळे टाके माझे. ती म्हणते, "आजी, तुमचे टाके बघून पोरगी जागी होईल." होऊ दे.

तोवर ठकीला टोपी घाल. निम्मी ऊब डोक्यातून जाते. टोपी आई काढत नाही ना?

पार्सल शनिवारी टाकते.

आजी


१७ डिसेंबर

नाती,

पिशवी पोचली, आईनं टाके ओळखले आणि ती तीन वेळा उकळली. लोकर आटून आता ती बाहुलीला होईल, असं तू लिहिलंस. मी आधी हसले. धुलाईवाल्याची मुलगी ती, लोकर उकळायची नसते हे तिला मी सांगायला हवं का? मग पुढचं वाचलं.

ठकीला खोकला झाला आहे. तू आईवर ओरडलीस, "पोरीला मारायचंय का तुला?" आणि त्यावर ती जे बोलली ते तू जसंच्या तसं लिहून पाठवलंस. "एकाला मारलंय मी. चिंधी दिसली नाही मला. माझ्या हातानं घातलेलं पांघरूण कुणाला लाभत नाही." आणि खाली तू मला विनवलं आहेस, "आजी, तू तिला सांग ना, तू लहान होतीस, तुझी चूक नव्हती. तुझं ती ऐकेल."

चिंधी म्हणजे काय ते आधी सांगते. आजारी माणसाच्या घरचं गाठोडं आलं की आम्ही त्याच्या फडक्याच्या टोकाला लाल चिंधी बांधायचो. तसलं गाठोडं सोडायचं नाही, त्यातलं काही वापरायचं नाही, आधी भट्टीत घालून उकळायचं. आमच्या घरी रांगणाऱ्या पोरालाही ते कळायचं.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते आईचं. तू फोडू नकोस, तिनं वाचायला दिलं तर वाच. डाकेनं सरळ तिला पाठवलं असतं तर अक्षर बघून तिनं ते पेटीत ठेवलं असतं. म्हणून तिच्या हातात दे आणि तिथेच उभी राहा. ठकीला डॉक्टरकडे उद्याच ने, माझ्या युक्त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

आजी


त्याच पाकिटात, १७ डिसेंबर

मोठे,

चिंधी नव्हती.

आधी एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग वाटलं, तू म्हणशील, म्हातारीला दया आली. म्हणून सगळं लिहिते. हे वाचल्यावर मी दयाळू आहे असं तुला वाटणार नाही.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बंगल्याची कामवाली गाठोडं घेऊन आली. मी इस्त्रीवर होते, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता आणि इस्त्रीतले कोळसे विझायला आले होते. ती म्हणाली, "आजारी पोराचं आहे, आधी भट्टीत घाला." मी म्हटलं, "ठेव तिथं, बांधते चिंधी." हातातलं संपवून बांधू म्हटलं. आणि विसरले. दुसरं काही कारण नाही. विसरले.

रात्री भुंगा कुडकुडायला लागला. त्या दिवशी सगळे कोट पोचते झाले होते, घरात जाड असं काही नव्हतं. मी पडल्या पडल्या तुला म्हटलं, "बघ गं, एखादं ब्लँकेट मिळतंय का." तू कोपऱ्यात गेलीस. कंदील खाली ठेवलास. गाठोडं फिरवून चारही टोकं पाहिलीस आणि म्हणालीस, "आई, चिंधी नाहीये ह्याला, घेऊ?" मी म्हटलं, "घे आणि ये लवकर, दिवा मालव."

तू विचारलं होतंस, मोठे. तुला ते आठवत नसेल, कारण नंतर आम्ही तुला दुसरंच आठवायला लावलं. आम्ही म्हणजे मी.

पाचव्या दिवशी त्याचा घसा धरला. आठव्या दिवशी तो गेला. धंदा बंदच होता, ते गाठोडं तसंच पडून होतं. तेराव्या दिवशी ती कामवाली कपडे न्यायला आली. तिला आमचं काही माहीत नव्हतं. म्हणाली, "उकळलंत ना नीट? आमचं पोर वाचलं हो." तेव्हा मला आठवलं की मी चिंधी बांधली नव्हती.

तिला मी उद्या ये म्हटलं. ती गेली आणि मी डब्यातून लाल चिंधी काढली आणि त्या फडक्याच्या टोकाला बांधली. का, ते विचारू नकोस. मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. हात आपोआप चालले असं म्हणायचे मी, पण हात आपोआप गाठ मारत नाहीत. दुहेरी गाठ मारली होती.

संध्याकाळी तुझ्या बाबांनी ते फडकं उचललं. "ह्याला तर चिंधी आहे! कुणी सोडलं हे?" मी गप्प. तू म्हणालीस, "मी सोडलं. त्याच्यावर घातलं. मला चिंधी दिसली नाही." नऊ वर्षांची होतीस. चिंधी हातात घेऊन बघत राहिलीस, जणू ती तेव्हाही तिथेच होती आणि तुझेच डोळे चुकले. मी वाट पाहत होते की तू म्हणशील, "आई, मी तुला विचारलं होतं." तसं म्हणाली असतीस तर मी कबूल केलं असतं, असं मी त्रेचाळीस वर्षं मनाशी म्हणत आले. ते खरं नाही. तू तसं म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, पोरगी खोटं बोलते.

बाबांनी तुझ्यावर हात उचलला नाही. बोलणं टाकलं. आणि मी काय केलं? मी तुला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे, लहान आहेस तू, चूक होते." शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, काय काळीज आहे हो हिचं. तू माझ्या कुशीत रडलीस. मी तुला माफ केलं, मोठे. जे तू केलंच नव्हतंस ते. मी केलेल्या सगळ्यात ते वाईट होतं, चिंधीपेक्षाही.

तू लांब गेलीस ती मला त्याची आठवण होऊ नये म्हणून, हे मला कळत होतं. तुझ्या बाबांच्या मरणालाही तू दारात थांबलीस, आत आली नाहीस, जसा काही हक्क नाही. मी तुला आत ये म्हटलं नाही. तू समोर बसली असतीस तर सांगावं लागलं असतं.

डॉक्टर म्हणाले होते की रोग कशानं आला ते सांगता येत नाही, गल्लीत चार घरी आहे. त्या ब्लँकेटनं आला असेल, नसेलही. ते मला माहीत नाही. चिंधीचं मला माहीत आहे.

माझ्यासाठी काही करू नकोस, उत्तरही नको. पोरीवर पांघरूण घाल. तुझ्या हातांनी काही झालेलं नाही.

आई


११ जानेवारी

माझ्या शहाण्या नाती,

पत्र मिळालं. ठकीचा खोकला थांबला, ते तू अगदी शेवटी लिहिलंस. अशी बातमी पहिल्या ओळीत लिहायची गं, म्हाताऱ्या माणसाला तेवढा दम नसतो.

बाकीचं मी शिंपिणीला वाचून दाखवलं नाही. ती दारातून म्हणाली, "आजी, हसताय की रडताय?" मी म्हटलं, "तू तुझी सुई बघ, बोटात जाईल." ती आत आली नाही. तिला कळतं.

आईनं पत्र उभ्यानं वाचलं. मग खाली बसून वाचलं. घडी घातली आणि तुला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, भांडी घासलेली परत घासली. तिसऱ्या रात्री तू पाळीवरून आलीस तर खुर्ची रिकामी होती. ठकी गादीवर होती, अंगावर रजई होती, आणि शेजारी आई आडवी पडून घोरत होती. तू तशीच अंगात कोट घालून उभी राहिलीस म्हणतेस. मलाही तुझ्या पत्रातून तिथेच उभी असल्यासारखं वाटलं. बावन्न वर्षांची झाली माझी पोर. घोरते बापासारखी.

आणि सकाळी ती म्हणाली, "त्यांना कळव, ह्या घरात आता त्यांचं पत्र नको. माझं कार्डही जायचं नाही."

'तिला' नाही म्हणाली. 'त्यांना' म्हणाली. बरोबर आहे. इतकी वर्षं ती मला सांभाळून होती, स्वतःला दोष देऊन. आता तो दोष ज्याचा त्याला परत मिळाला, तर रागही माझ्याच वाट्याला यायला हवा. मी घेते आहे. जड आहे, पण माझा आहे.

तू लिहिलंस की कारखान्याच्या पत्त्यावर लिहीत जा, आईला कळणार नाही. नाही. तिच्या पाठीमागे ह्या घरात पुष्कळ होऊन गेलं आहे, आता आणखी नको. ती तुझ्याशी बोलते आहे ना? पोर उबेत आहे ना? मग तिचं ऐक, उत्तरही पाठवू नकोस. हे पत्र तिला दाखव, आणि हे शेवटचं आहे हे सांग.

मला वाईट वाटतंय का? वाटतंय. दोन महिने माझ्याकडे नात होती. आरशात पणती होती, ती राहील. पण तुला खोटं वाटेल, मला आनंदही झाला आहे. रजईचं वाचलं आणि मी चहा टाकला आणि तो उकळून उकळून आटला, मी बसूनच होते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. उन्हं तापायला लागली की खिडकीवरच्या पट्ट्या ओल्या फडक्यानं आधी भिजव, मग काढ. तशाच ओढल्यास तर रंग निघेल आणि ती टॉर्चवाली परत जिना चढेल. वर्तमानपत्रं गादीखालून काढून उन्हात घाल, दमट झालेली असतात, पुढच्या हिवाळ्याला नवी घे. आणि आईचे गुडघे दुखत असतील, आमच्याकडे सगळ्यांचे दुखतात. बाटली तिच्या पायाशीही ठेवत जा, ती मागणार नाही.

विचारायचं होतं एक. रजई तिनं घातली ती कशी? गळ्याकडून ओढून की पायाकडून? मी तिला शिकवलं होतं, आधी पाय झाकायचे, खाली दुमडून घ्यायचं, आणि मग हळूच वर आणायचं, म्हणजे झोपलेलं पोर जागं होत नाही. भुंग्याला ती तसंच घालायची. पण उत्तर पाठवायचं नाही असं मीच लिहून बसले आहे.

पायाकडूनच घातली असेल.

तुझी आजी